कंसातली नावं

सोमाटण्यात जमिनीची बोलणी सुरू झाली की भाव ठरण्याआधी एक कागद मागितला जातो, फेरफाराचा. गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं. एका अंगाला तळेगाव दाभाडे, दुसऱ्या अंगाला पवनेचा काठ, आणि द्रुतगती मार्ग झाल्यापासून भाताच्या खाचरांचे सौदेही गुंठ्यांत होऊ लागलेले. अशा ठिकाणी सातबारा आज कुणाच्या नावावर आहे एवढं कळून भागत नाही. ते नाव तिथं आलं कसं, हे कळावं लागतं. खरेदीनं आलं, वारसानं आलं, वाटपानं आलं, की बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिल्यावर भावाचं एकट्याचं उरलं? हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर यासाठी एक देखणी रीत होती. गेलेल्या माणसाचं नाव खोडत नसत. त्याला कंस करत आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक टाकत. हक्क संपला तरी नाव वाचता यायचं. २०२०च्या नव्या नमुन्यात अशा नोंदींवर आडवी रेघ येते, पण खालचं अक्षर दिसतंच.

हे नुसतं कारकुनी वळण नव्हे, त्यामागे कायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५० प्रमाणे तलाठ्यानं (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गाव अजून तलाठीच म्हणतं) फेरफाराच्या नोंदवहीत नोंद धरायची, तिची प्रत चावडीवर लावायची आणि हितसंबंध असलेल्यांना नोटीस द्यायची. हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं, नाही आली तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. म्हणजे बदल लिहिणारा एक, पक्का करणारा दुसरा आणि मध्ये गावाला बोलायची मुभा.

याच गावातून रोज सकाळी हिंजवडीकडे निघणारी मुलं-मुली दिवसभर ज्या साधनात काम करतात, त्याचा गाभाही हाच आहे. त्याचं नाव गिट, संगणकाच्या संहितेतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. लिनक्स या मुक्त प्रणालीचं काम आधी बिटकीपर नावाच्या खासगी साधनावर चालायचं. त्याची फुकट वापराची सवलत गेली, तेव्हा एप्रिल २००५मध्ये लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत स्वतःचंच साधन लिहून काढलं. पहिल्या नोंदीत त्याला नरकातून आलेला माहिती-व्यवस्थापक असं बिरुद दिलं, आणि जुलैमध्ये ते जुनिओ हामानो यांच्या हवाली केलं. वीस वर्षं झाली, मंडल अधिकाऱ्याच्या खुर्चीत अजून हामानोच आहेत. लिहिणारे जगभरचे शेकडो, पण नोंद प्रमाणित होते ती त्यांच्या हातून.

गिटमधली प्रत्येक नोंद, म्हणजे कमिट, चार गोष्टी बांधून ठेवते: त्या क्षणाचं संपूर्ण चित्र, बदल करणाऱ्याचं नाव व वेळ, बदलाचं निवेदन आणि आधीच्या नोंदीचा ठसा. ठसा म्हणजे मजकुरावर गणित करून काढलेला लांबलचक क्रमांक. मजकुरात एक स्वल्पविराम हलला तरी तो पार बदलतो. आणि प्रत्येक नोंदीच्या पोटात आधीच्या नोंदीचा ठसा असल्यामुळे मागचं एक पान गुपचूप बदलायचं म्हटलं तर पुढच्या साऱ्या पानांचे क्रमांक बदलतात. चोरी करता येते, लपवता येत नाही.

मग इतरांच्या बदलांचा हिशेब ठेवणारं हे साधन स्वतः कसं बदलतं? गेल्या काही आवृत्त्यांत हे पाहण्याजोगं झालं आहे, कारण तिसऱ्या मोठ्या आवृत्तीची तयारी चालू आहे. त्यातला मला सर्वांत आवडलेला बदल अगदी क्षुल्लक आहे. ‘व्हॉटचेंज्ड’ नावाची एक जुनी आज्ञा आहे. तिचं काम दुसरी, जास्त वापरातली आज्ञा करते, तेव्हा ती काढून टाकायची ठरली. ऑगस्ट २०२५च्या २.५१ या आवृत्तीत ती काढली नाही, अडवली. आज्ञा दिली की साधन नकार देतं, ही लवकरच जाणार असल्याचं सांगतं आणि अजून लागत असेल तर आम्हाला कळवा म्हणतं. तरीही चालवायचीच असेल तर सोबत ‘मी हे अजून वापरतो’ अशा अर्थाचा लांबलचक पर्याय हातानं टंकावा लागतो. चावडीवर लावलेली नोटीसच ही. फरक इतकाच, की चावडीवर जाऊन नोटीस वाचणारा माणूस आता शोधावा लागतो आणि इथं नोटीस वाचल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.

मात्र नोटीस, हरकत, प्रमाणन हा झाला सांगाडा. जीव असतो तो कारणात. काय बदललं हे यंत्र दाखवतं: अमुक ओळ गेली, तमुक आली. का बदललं हे कुठलंही यंत्र दोन पानं शेजारी ठेवून सांगू शकत नाही. म्हणून गिटच्या प्रकल्पात बदल पाठवणाऱ्यांसाठी जे नियम आहेत, त्यांत निवेदनाबद्दलचे नियम सर्वांत काचणारे. आधी अडचण सांगा, हाच उपाय का ते सांगा, कोणते पर्याय सोडून दिले तेही सांगा, आणि लिहा आज्ञार्थात, जणू त्या संहितेलाच हुकूम देत आहात. दोन ओळींच्या दुरुस्तीला चार परिच्छेदांचं निवेदन तिथं सर्रास दिसतं. हल्ली यंत्राकडून निवेदनं लिहून घ्यायची चाल पडली आहे. ती व्याकरणशुद्ध असतात, आणि बदल पुन्हा एकदा शब्दांत सांगतात. फेरफारात ‘नाव बदलले, सबब नाव बदलले’ असं लिहिण्यासारखं.

कारण न लिहिल्यानं काय होतं, याचा पुरावा इथून फार दूर नाही. देहू अगदी जवळ आहे. इंद्रायणीपलीकडे सुदुंबऱ्याला संताजी जगनाड्यांची समाधी आहे, आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतलं जातं. तुकोबांनंतर अभंग वह्यांतून, कीर्तनांतून, फडांतून पसरले. १८६९ आणि १८७३मध्ये मुंबई सरकारनं दिलेल्या २४ हजार रुपयांतून विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा छापली. त्यासाठी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या वह्या समोर ठेवल्या होत्या. सोमाटण्याच्या शेजारचं तळेगाव अशा रीतीनं, गिटच्या भाषेत सांगायचं तर, मराठीच्या एका मोठ्या विलीनीकरणातली एक शाखा ठरलं. त्या गाथेत अभंग साडेचार हजारांवर. पुढं १९१९-२०मध्ये वि. ल. भावे यांनी जगनाड्यांच्या वह्यांवरून ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ काढला, त्यात तेराशेच्या आसपास. मधले तीन हजार कुठून आले? संताजींनी लिहिले नाहीत की त्यांच्या वह्या गहाळ झाल्या? की नंतरच्या कुणी तुकोबांची नाममुद्रा लावून आपले घातले? फरक डोळ्यांसमोर आहे, ओळीला ओळ लावून दाखवता येतो. नाही ती त्यामागची एक ओळ: हा अभंग मी अमक्याच्या तोंडून ऐकला, म्हणून इथं उतरवला. ती ओळ नसल्यानं शंभर वर्षं वाद चालू आहे आणि तो मिटेल असं मला वाटत नाही. ‘अस्सल’ या ठाम विशेषणानं तर तो अधिकच पेटला.

एकनाथांचं उलट आहे. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि आपल्या परंपरेत विरळा सापडणारी गोष्ट केली: नोंद ठेवली. शक दिला, संवत्सर दिलं, कारण दिलं की पाठांतरांनी ग्रंथ विस्कटला होता. वर पुढच्यांना ताकीदही दिली की यात स्वतःची ओवी घालाल तर अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. इतकं नेटकं निवेदन कुठल्याही प्रकल्पाच्या देखरेख्याला मान्य व्हावं. फक्त बदल कोणते केले ते त्यांनी सांगितलं नाही. कोणती ओवी काढली, कुठं शब्द फिरवला, काही नाही. गाथेत फरक आहे आणि कारण नाही, ज्ञानेश्वरीत कारण आहे आणि फरक नाही. वि. का. राजवाड्यांनी १९०९मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली ती याच हरवलेल्या मागच्या नोंदीच्या शोधात, आणि त्या प्रतीच्या जुनेपणावरही पुढं वाद झालाच.

गिटवाल्यांनी मात्र फार फुशारकी मारू नये. त्यांचा इतिहासही जसा घडला तसा नसतो. बदल पाठवला की परीक्षण होतं, दुसरा मसुदा येतो, तिसरा, कधी दहावा. शेवटी शिरतो तो नीट विंचरलेला क्रम, जणू लिहिणाऱ्याला पहिल्यापासून सगळं सुचलं होतं. चुका, माघारी, चिडचिड पत्रव्यवहारात राहते, नोंदवहीत येत नाही. वाचणाऱ्याची सोय म्हणून मी हे मान्य करतो. तरी या बाबतीत तलाठ्याची विवादग्रस्त नोंदवही जास्त प्रामाणिक म्हणायला हवी. तिथं भावकीचं भांडणही सरकारी अक्षरात राहतं. अर्थात महसुलातही पळवाट आहे. कलम १५५ लेखनप्रमाद सुधारण्यासाठी आहे, आणि त्याखाली फक्त लेखनप्रमादच सुधारले जातात असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

तिसऱ्या आवृत्तीतला मोठा बदल ठशाच्या गणिताचा आहे. आजवरचा ठसा शा-१ पद्धतीचा, चाळीस अक्षरी. फेब्रुवारी २०१७मध्ये गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या संशोधकांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या फाइली तयार करून दाखवल्या. दोन जमिनींना एकच गट नंबर पडावा तसं. गिटनं त्याच वर्षी अशा बनावटी ओळखणारी तपासणी बसवली आणि पुढच्या वर्षी चौसष्ट अक्षरी शा-२५६कडे जायचं ठरवलं. ऑक्टोबर २०२०च्या २.२९ आवृत्तीत ते प्रायोगिक म्हणून आलं, तिसऱ्या आवृत्तीत नव्या भांडारांना तेच लागू होईल.

मावळातल्या वयस्कर माणसाला हे समजवायला संगणक लागत नाही. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. जमीन तीच, बांधही पुष्कळसे तेच, नाव बदललं. ज्या गावात जुन्या-नव्याची जुळणी नीट लिहिली गेली तिथं निभावलं. जिथं क्षेत्र इकडचं तिकडं लागलं तिथले दावे नातवांपर्यंत आले. आजही वकील जुना सर्वे नंबर विचारतो आणि एकत्रीकरणाचा उतारा काढून आणायला सांगतो.

गिटचं घोडं अडलंय ते इथंच. नवा ठसा काढणं सोपं आहे. पण वीस वर्षांत चाळीस अक्षरी क्रमांक सगळीकडे पसरले आहेत: चुकांच्या अहवालांत, पुस्तकांत, आणि खुद्द जुन्या कमिटांच्या निवेदनांत, ‘अमुक नोंदीत आलेली चूक इथं सुधारली’ अशा वाक्यांतून. ते वाक्य बदलावं तर त्या नोंदीचा ठसा बदलतो, न बदलावं तर बोट दाखवलेली नोंद नव्या नावानं सापडत नाही. म्हणून दोन्ही नावं शेजारी ठेवणारं जुळणीचं कोष्टक लिहिलं जातंय. त्याचा काही भाग रस्ट या नव्या भाषेत आहे, आणि तिसऱ्या आवृत्तीपासून गिट बांधायला रस्ट अनिवार्य करण्याचा बेत आहे. जुन्या यंत्रांवर, जिथं रस्ट पोचतच नाही, गिट बांधणाऱ्यांनी यावर हरकत घेतली. त्यांच्या हरकतीची नोंद झाली, त्यांना मुदत मिळाली, निर्णय मात्र फिरला नाही.