दोन साक्षी, एक सत्य

घरातल्या जुन्या भांडणाविषयी थोरला भाऊ एक सांगतो, धाकटा दुसरेच. ऐकणारे आपण लगेच ठरवून मोकळे होतो : दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे. पण इतक्या घाईने असे ठरवणे योग्य आहे का?

१९७९ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, किट पीक वेधशाळेत, डेनिस वॉल्श, रॉबर्ट कार्सवेल आणि रे वेमन यांना सप्तर्षी तारकासमूहात एक नवल दिसले. अगदी शेजारी शेजारी दोन क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रे. दोघांच्या प्रकाशाचे वर्णपट घेतले, तर ते जवळजवळ एकसारखे! क्वेसार एकच होता. वाटेत एक अवजड दीर्घिका होती आणि तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकून दोन वाटांनी आपल्यापर्यंत येत होता. एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दाखवणारे असे गुरुत्वीय भिंग प्रथमच सापडले होते.

या दोन वाटांना लागणारा वेळ सारखा नाही. डिसेंबर १९९४ मध्ये एका प्रतिमेचे तेज एकाएकी उतरले. दुसरीचे तसेच उतरले ते फेब्रुवारी १९९६ मध्ये, सुमारे ४१७ दिवसांनी. मधल्या काळात दोन्ही प्रतिमा वेगवेगळे सांगत होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. इतकेच नव्हे, अशा तफावतीवरूनच मधल्या वस्तुमानाचा, त्यातल्या न दिसणाऱ्या द्रव्याचा आणि विश्वाच्या प्रसरणाच्या वेगाचा अंदाज बांधता येतो.

मग खोटे असे काही नसतेच का? असते. दोन ठिपके जवळ दिसले एवढ्यावरून शास्त्रज्ञांनी ते एक मानले नाहीत. वर्णपट तपासले, पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. ‘सगळ्यांचेच खरे’ म्हणून हात झटकणे हा न्याय नव्हे, तो आळस आहे. पण तपासण्याआधीच एकाला खोटा ठरवणे हाही अन्यायच.

भावाभावांच्या मध्येही काहीतरी जड असते : आईचे आजारपण, एखादे कर्ज, मनात ठेवलेला अपमान. ते आपल्याला दिसत नाही, पण त्याच्याजवळून येताना दोघांचेही शब्द वाकतात. म्हणून कोण खोटे बोलतो हे विचारण्याआधी आपण विचारू या : या दोघांच्या मध्ये काय आहे? आणि ज्याचे सांगणे आपल्यापर्यंत उशिरा आले, त्याचेही ऐकून घेऊ या.