मैदान रोजचे हवे

१ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला हरवून रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. कर्णधार फैज फझल, हॅट्‌ट्रिक रजनीश गुरबानीची, विजयी फटके वसीम जाफरचे आणि थेट अंतिम सामन्यात पदार्पण करणारा आदित्य ठाकरे आमच्या अकोल्याचा. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे त्या दिवशी वऱ्हाडात कुणी विचारले नाही. पण त्याच दिवशी कोरेगाव भीमात दगड भिरकावले गेले, गाड्या जळल्या आणि दोन दिवसांनी महाराष्ट्र बंद झाला. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगली होऊन संचारबंदी लागली. रणजीच्या विजयावर टाळ्या वाजवणारी शहरे हीच होती.

खेळाने राष्ट्रीय एकात्मता वाढते, हे वाक्य प्रत्येक क्रीडामहोत्सवाच्या उद्घाटनात ऐकू येते. त्याला या घटनांसमोर उभे करायलाच हवे. माझे मत असे, की सामना एकत्र पाहिल्याने माणसे फार तर संध्याकाळपुरती जवळ येतात. एकत्र सराव करणाऱ्यांचे तसे नसते. ज्याच्या खांद्यावर पाय देऊन मनोरा रचला, ज्याने पडताना हात दिला, त्याच्या घरावर दगड मारायला जाताना पाऊल अडखळते. अफवा आली तर त्याला फोन करून खरे-खोटे विचारता येते. दंगलीच्या पहिल्या तासात या ओळखीची किंमत फार मोठी असते, आणि तिथे सुरक्षेचा प्रश्न पोलिसांच्या आधी शेजाऱ्यांचा असतो.

गुरुकुंज मोझरीकडे मी याच दृष्टीने पाहतो. नागपूर-अमरावती रस्त्यावर तुकडोजी महाराजांनी १९३५ साली हा आश्रम उभारला. खंजिरी आणि भजन हे महाराजांचे सर्वांच्या ओळखीचे रूप. पण त्यांच्या ग्रामगीतेचे नुसते अध्याय चाळले तरी ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी आणि ग्राम-आरोग्य हे विषय एकाच ग्रंथात, एकाच विचाराचे भाग म्हणून आलेले दिसतात. गावाचे रक्षण ही वेगळ्या खात्याची बाब आहे, असे महाराजांनी मानले नाही. घाण गाव, रोगी गाव, आपसात भांडणारे गाव हे असुरक्षितच. हे लिहिणारा माणूस देशाच्या संरक्षणाबद्दल उदासीन होता असेही नाही. १९४२ मध्ये आष्टी-चिमूर पेटले तेव्हा इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले; चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धांच्या काळात ते सीमेवर जाऊन जवानांना भेटले. तरीही त्यांनी गावाला दिले ते रोजचे काम: सर्व धर्मांना सामावणारी सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, श्रमदान. शेजारी बसणे आणि एकत्र राबणे हाच त्याचा गाभा.

प्रार्थना कशाला, नुसती शिस्त पुरे, असे म्हणणाऱ्यांसाठी उत्तर अमरावतीतच आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने जर्मनीला गेले आणि तिथे त्याने आपले देशी खेळ व व्यायामप्रकार दाखवले. कबड्डीही त्यांत होती. वऱ्हाडाला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण त्याच बर्लिनमध्ये पिळदार शरीरे, एका तालात उचललेली हजारो पावले आणि कडक शिस्त यांची काय कमतरता होती? तीनच वर्षांत त्या शिस्तीने जग युद्धात लोटले. आपण सारे एक आहोत, असे ती म्हणत होती खरी. मात्र त्या ‘आपण’मधून ज्यू वगळलेले होते. म्हणून राष्ट्रीय एकतेसाठी खेळ, अशी योजना कुणी मांडली, की मी पहिल्यांदा विचारतो: संघात कोणाला घेतले आहे आणि कोणाला नाही?

दुसरा प्रश्न मैदानाचा. पहाटे तिवसा, मूर्तिजापूर, दर्यापूरच्या रस्त्यांवर पाहा. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी पोरे डांबरी रस्त्याच्या कडेने धावत असतात. दोन्ही भरत्यांत सोळाशे मीटरची धाव असते. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर. देशाच्या सुरक्षेसाठी उभे राहू पाहणारी ही मुले ट्रकच्या दिव्यांत सराव करतात, हे मला अस्वस्थ करते. ही शेतकऱ्या-शेतमजुरांची, सगळ्या जातींची लेकरे. त्यांना एकत्र आणायला वेगळा कार्यक्रम नको. ती आधीच एकत्र धावतात. उणीव आहे ती सपाट मैदानाची, शिकवणाऱ्या माणसाची आणि मुलींना पहाटे निर्धास्तपणे येता येईल अशा जागेची. भरतीचे वय निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय, याचाही विचार कुणी करत नाही. वर्षानुवर्षे सराव केलेल्या या मुलांतूनच मानधन देऊन गावोगावी क्रीडाशिक्षक नेमता येतील.

महोत्सवाचा खर्च मंडप, ढोल-ताशे आणि टी-शर्टांत संपतो. क्रीडा संकुलाची इमारत उभी राहते, पण रोज संध्याकाळी शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूस अंदाजपत्रकात सापडत नाही. अकोल्यात बॉक्सिंगची परंपरा आहे, अमरावतीत शतकाहून जुने व्यायाम मंडळ आहे. पैसा खर्चायचाच असेल, तर या दोन्ही शहरांत जिथे तणाव वारंवार निर्माण होतो त्या मोहल्ल्यांच्या सीमेवर रोजचे वर्ग सुरू करा. संघ मोहल्ल्यांप्रमाणे पाडू नका. दोन्हीकडची पोरे एकाच संघात घ्या, निदान दहा वर्षे. त्याचा हिशेब पदकांत मागू नका. पुढच्या वेळी अफवा उठेल तेव्हा किती मुले घरी थांबली आणि किती जणांनी पलीकडे फोन लावला, ते विचारा.