न केलेल्या गुन्ह्याचं उत्तर

मावशी हैदराबादच्या नारायणगुड्यात राहते, केशव मेमोरियल शाळेच्या मागं. सकाळी मेलकोटे पार्कला फिरायला निघताना मंगळसूत्र पदराखाली दडवते, आणि ती पीडी ॲक्टच्या, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याच्या तेलंगणच्या कायद्याच्या, बाजूची आहे. तिचा भाचा श्रीकांत हायकोर्टात वकील. त्याच कायद्याखाली आत गेलेल्यांच्या सुटकेसाठी हेबियस कॉर्पसच्या याचिका चालवतो. त्यांचा वाद एकदा ऐकण्यासारखा रंगला.

"शेजारणीचं मंगळसूत्र दिवसाढवळ्या ओढलं," मावशी म्हणाली. "मानेला वळ उठले होते. धरलेला पोरगा जामिनावर सुटून आला. मग कमिशनरनं त्याला वर्षभर आत ठेवलं तर काय बिघडलं?"

"खटला होताच की. तो चालवायचा. जामीन चुकीचा वाटला तर रद्द करून घ्यायचा. ती मेहनत टाळायला पीडी ॲक्ट वापरतात."

"मेहनत कसली? साक्ष द्यायला कोण येणार? मी तर नाही येणार, आत्ताच सांगते."

(हा मुद्दा वकील मंडळी सहसा ऐकून न ऐकल्यासारखा करतात. श्रीकांतही क्षणभर चहाकडे वळला.)

"बरं, कायदा काय आहे ते तरी बघ," तो म्हणाला. "1986 चा, आंध्रच्या वेळचा. तेव्हा बेकायदा दारूवाले, दरोडेखोर, गुंड, जमिनी बळकावणारे असे मोजके प्रकार होते. तेलंगण झाल्यावर त्यात बोगस बियाणं, अन्नातली भेसळ, जुगार, सायबर गुन्हे, आर्थिक फसवणूक, सगळं घातलं. नावच वाचता वाचता दम लागतो. बारा महिन्यांपर्यंत आत. वर सल्लागार मंडळ आहे, पण तिथं वकील नेण्याचा हक्क नाही. आणि हे सगळं झालेल्या गुन्ह्यासाठी नव्हे, पुढं होईल म्हणून."

"पुढचं बघायचं नाही? आपल्या आयपीएममध्ये, त्या लशीच्या सरकारी संस्थेत, लोक कुत्रं चावलं की लस घ्यायला धावतात. कुत्रं पिसाळलेलंच होतं हे आधी सिद्ध करा, असं कुणी म्हणतं का?"

"लस चावलेल्याला देतात, मावशी, तीही त्याच्या मर्जीनं. कुत्र्याचं काय करतात? दहा दिवस नजर ठेवतात. धडधाकट राहिलं तर विषय संपला. कुत्र्याला निदान धडधाकट राहून दाखवायची सोय आहे. कोठडीत बसलेल्या माणसानं बाहेर आपण काही करणार नव्हतो, हे दाखवायचं कसं? काल मी तिथं नव्हतो, हे सिद्ध होतं. उद्या मी करणार नव्हतो, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. तुलाही नाही."

मावशी इतक्यानं हटणारी नव्हे. "हा कायदा काही निजामाचा नाही. स्थानबद्धतेला मुभा देणारं 22 वं कलम आपल्याच घटनेतलं. 26 जानेवारीला घटना लागू झाली आणि फेब्रुवारी संपायच्या आत पटेलांनी स्थानबद्धतेचा कायदा आणला. तुरुंग आतून पाहिलेली माणसं होती ती. त्यांना काय स्वातंत्र्याची किंमत कळत नव्हती?"

"कळत होती, म्हणून कायदा वर्षभराच्याच मुदतीचा केला. तो वाढत वाढत 1969 पर्यंत चालला. दोन वर्षांत मिसा हा तसलाच कायदा आला. आणीबाणीत काकांना कशाखाली धरलं होतं?"

"ते वेगळं. ते चोर नव्हते."

"हे पोलिसांना कसं कळणार होतं? कारण काय सांगितलं होतं त्यांना?"

"काहीच नाही," मावशी म्हणाली. आणीबाणीत मिसाच्या कैद्याला कारण सांगायचंच नाही, अशी दुरुस्ती होती.

"आणि एप्रिल 1976 मध्ये सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक म्हटलं की अशा माणसाला कोर्टाचं दारच नाही. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे एच. आर. खन्ना विरोधात. तो निकाल चुकीचा होता हे 2017 मध्ये लिहिलं कुणी, तर त्यांच्याच मुलानं. धनंजय चंद्रचूडांनीच पुढं 2022 आणि 2024 मध्ये तेलंगणचे पीडी आदेश रद्द करणाऱ्या खंडपीठांवर बसून सरकारला फटकारलं."

"मुलानं वडलांचं निस्तरलं. छान. पण आत गेलेल्याचे दिवस?"

"ते जातातच. आमदार राजा सिंहचंच बघ. त्याचं बोलणं मला मुळीच पटत नाही. पण 2022 च्या ऑगस्टमध्ये त्या बोलण्यावरून अटक झाल्यावर मॅजिस्ट्रेटनं त्याला सोडलं, दोन दिवसांत पीडी ॲक्ट लागला. हायकोर्टानं आदेश रद्द केला नोव्हेंबरमध्ये. ते अडीच महिने कुणाच्या हिशेबात धरायचे? आमदाराला हे, तर चेन ओढणाऱ्या पोराच्या आईला वकील कधी मिळणार?"

माझ्या मते इथं श्रीकांत जिंकत आला होता. पण 2024 च्या निकालातली एक गोष्ट त्यानं ओघात सांगितली आणि वाद फिरला. आरोप चोरी-लुटीचा होता. बायकांत दहशत पसरली, असं आदेशात म्हटलेलं. कोर्टानं विचारलं, तसं असेल तर त्या भागातल्या लोकांचे, विशेषतः बायकांचे, जबाब कुठं आहेत?

"म्हणजे मला विचारायला यायला हवं होतं?"

"तुझ्यासारख्यांना. तुझ्या भीतीच्या नावावर आदेश निघतो, आणि तुला कुणी विचारतच नाही."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं की भीती वाटते. खोटं आहे का ते? पार्कमध्ये स्कूटरचा आवाज आला की हात गळ्याकडं जातो."

"मग तो पुरावा झाला असता. त्याला उत्तर देता आलं असतं."

"कुणाला, त्या पोराला? म्हणजे माझं नाव त्याच्या हातात जाणार?"

"नाव झाकायची सोय घटनेतच आहे. लोकहिताला बाधक वाटेल तो तपशील अधिकारी रोखून ठेवू शकतो."

"मग झाकायचं."

"झाकलं की तो उत्तर कुणाच्या म्हणण्याला देणार? 'कुणीतरी बाई घाबरली' याला?"

मावशी बराच वेळ विचार करत राहिली. "नाव मी देणार नाही," ती शेवटी म्हणाली. "आणि माझ्या निनावी भीतीवर पोरगं वर्षभर सडावं, हेही मला नको. तूच सांग आता, तुझ्या कायद्यात यातलं कुठलं बसतं?"

"दोन्ही एकदम नाही बसत."

"मग तू कसला वकील," मावशी म्हणाली, आणि पार्कला जायला चपला शोधू लागली.