दिवस ४२ : कौशिकाची बगळी आणि आमची चिंगी



आजचं चिंतन : महाभारत, वनपर्व. कौशिक ब्राह्मण आणि धर्मव्याधाची कथा.

काल चिंतन लिहिलं नाही. वेळ नव्हता असं सांगता आलं असतं, पण खरं कारण वेगळं आहे. काल लिहायला तोंडच नव्हतं. आज आपल्या क्रमाने नेमकी ही कथा वाचायला आली, आणि वाचता वाचता वाटलं की व्यासांनी माझीच परवाची सकाळ लिहून ठेवली आहे.

आधी कथा थोडक्यात सांगतो. कौशिक नावाचा एक तपस्वी झाडाखाली बसून वेदपठण करत होता. वरच्या फांदीवर एक बगळी बसली होती, तिची विष्ठा त्याच्या अंगावर पडली. त्याने रागाने वर पाहिलं. त्या नजरेनेच ती बगळी मरून खाली पडली. त्याला वाईट वाटलं, पण तो तसाच उठून भिक्षेला गेला. एका घरी गृहिणीने त्याला थांबायला सांगितलं, तेवढ्यात तिचा भुकेला नवरा घरी आला, आणि ती आधी त्याचं जेवणखाण बघायला गेली. कौशिक पुन्हा चिडला. तेव्हा ती बाई शांतपणे म्हणाली की मी काही ती बगळी नव्हे. रानात काय घडलं ते या घरातल्या बाईला कसं कळलं? तो हादरला. तिने त्याला मिथिलेला धर्मव्याधाकडे पाठवलं. वेद शिकलेला माणूस धर्म समजून घ्यायला गेला कुठे, तर मांस विकणाऱ्याच्या दुकानात!

आता माझी सकाळ.

आम्ही पुण्यात तळमजल्यावर राहतो. घरात मी, बायको, आई आणि पाच वर्षांची लेक. आणि चिंगी. तीन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये सापडलेली मांजर. नसबंदी, लसी सगळं वेळेवर केलेलं. पण शिकार काही सुटलेली नाही. पाल, उंदीर, कधी चिचुंद्री. चिचुंद्री ती खात नाही, वासामुळे असेल, पण आणून ठेवते मात्र बरोबर स्वयंपाकघराच्या दारात. आम्ही माळकरी. आई रोज सकाळी देवाचं नाव घेत आधी फरशी पुसते आणि मग चहा टाकते.

परवा सकाळी साडेसहाला मी हरिपाठाला बसलो होतो. सलग एक्केचाळीस दिवस, एकही खाडा नाही. मोबाइलवर रोज एक हिरवी खूण करतो, आणि खरं सांगू? ती हिरवी रांग बघायला मला फार आवडतं. चिंगी गॅलरीतून आत आली, माझ्या पांढऱ्या आसनावर चढली आणि तोंडातलं काहीतरी माझ्या मांडीजवळ ठेवलं. बुलबुलाचं पिल्लू होतं. जिवंत. एक पंख पसरलेला, आसनावर रक्ताचे दोन ठिपके.

मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, तिला हाताने जोरात ढकललं. ती टीपॉयवर आपटली आणि पळाली. मी गॅलरीचं दार धाडकन लावून तिला बाहेर ठेवलं.

गेले दोन दिवस मी स्वतःला एकच प्रश्न विचारतोय. मला राग कशाचा आला होता? पिल्लाच्या वेदनेचा? नाही हो. पाठ मोडला, आसन विटाळलं, खाडा पडणार, याचा. पिल्लाकडे माझं लक्ष नंतर गेलं. आणि ते माझ्याही आधी आईचं गेलं होतं. ती पोळ्यांची कणीक तशीच टाकून आली, पिल्लाला ओंजळीत घेतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू वाच तुझं. मी बघते याच्याकडे."

कौशिकाला दारातली ती बाई काय म्हणाली असेल, ते मला या एका वाक्यात कळलं.

पुढचं सांगायला जड जातंय, पण सांगितलं नाही तर हे चिंतन खोटं ठरेल. आईने बुटाच्या खोक्यात सुती फडकं घालून पिल्लू ठेवलं. मी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जखम दिसो न दिसो, मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याच्या रक्तात गेले तर तो फार काळ टिकत नाही, अँटिबायोटिक लवकर द्यावं लागतं, लगेच घेऊन या. साडेनऊला माझा स्टँडअप होता. म्हटलं, पंधरा मिनिटांचा तर कॉल आहे, तो उरकून निघतो. कॉल लांबला. सव्वादहाला लेक खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. मी काय ते समजलो.

दुपारी जास्वंदीच्या कुंडीशेजारी खड्डा करून आम्ही त्याला ठेवलं. लेकीने विचारलं, "बाबा, चिंगी वाईट आहे का?"

मी म्हटलं, "नाही गं बाळा. ती मांजर आहे. मांजरं असंच करतात."

"मग तू तिला का मारलंस?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता वनपर्वात शोधूया.

पहिली गोष्ट. धर्मव्याध कौशिकाला अहिंसेचं महत्त्व सांगतो, पण त्याआधी त्याचा भ्रम काढून घेतो. शेतकरी नांगर चालवतो तेव्हा मातीतले किती जीव जातात, आपण चालतो तेव्हा पायाखाली किती चिरडतात, धान्याचा दाणासुद्धा जीवच आहे. या जगात पूर्ण अहिंसक कोणीच नाही, असं तो स्पष्ट सांगतो. तो स्वतः प्राणी मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्यांचं मांस विकतो, आणि हेही लपवत नाही.

हे वाचून मी स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्याकडे पाहिलं. माळकऱ्याच्या घरात चिंगीसाठी मासे आणि कोंबडीची पाकिटं आहेत. दर महिन्याला मीच ऑर्डर करतो. आणि त्याला इलाज नाही, कारण मांजर ही पूर्ण मांसाहारी जात आहे. टॉरिन नावाचं द्रव्य तिला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं तर तिची दृष्टी जाते, हृदय बिघडतं. तिला वरणभातावर ठेवणं हा काही धर्म नव्हे, ते हळूहळू तिला मारणं आहे. म्हणजे पाकीट फोडताना मला हिंसा दिसत नाही, कारण तिला पिसं नसतात आणि ती आसनावर येऊन पडत नाही. चिंगीने फक्त ती माझ्यासमोर आणून ठेवली.

दुसरी गोष्ट, स्वभावाची. पोट भरलेलं असतानाही मांजर शिकार करते. भूक आणि शिकारीची ओढ या तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकार घरात का आणते? काही जण म्हणतात, आपल्याला भेट देते. ऐकायला गोड आहे, पण सुरक्षित जागी शिकार नेणं हा त्या जातीचा जुना स्वभाव आहे, आणि आई मांजर पिल्लांना शिकवायला आधी मेलेली आणि मग अर्धमेली शिकार आणून देते. गीता सांगते की ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणे वागतो. मग चिंगीला काय दोष द्यायचा?

पण इथे आपण पोरं एक शॉर्टकट मारतो, सांभाळा. "माझा स्वभावच रागीट आहे" असं म्हणून मोकळं होतो. चिंगीला दुसरा पर्याय दिसतच नाही. मला दिसतो. तिला ढकलण्याआधीच्या त्या अर्ध्या क्षणात मला तो दिसला होता. स्वभावाची सूट तिच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. विवेक दिला आहे म्हणजे हिशेबही आपल्याच नावावर निघणार.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. महाभारतात मांजराची आणखी एक कथा आहे, उद्योगपर्वात. गंगेकाठी तपाचं सोंग घेऊन उभं राहिलेलं मांजर, उंदरांचा विश्वास कमावतं आणि एकेकाला खातं. ढोंगी माणसाला तेव्हापासून त्या मांजराची उपमा देतात. तमिळनाडूत मामल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पात पुढचे पाय वर करून तपाला उभं राहिलेलं एक मांजर कोरलं आहे, पायाशी उंदीर. कधी गेलात तर नक्की शोधा.

आमच्या घरात परवा तपाच्या मुद्रेत कोण बसलं होतं? चिंगी तर कसलंच सोंग घेत नाही. आसनावर पांढरं नेसून मी बसलो होतो.

आमच्या कामात सर्व्हर पडला की आम्ही मूळ कारण शोधतो, शेवटचं बटण कोणी दाबलं यावर थांबत नाही. तसं शोधलं. जास्वंदीच्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलंय हे आईने मला पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं होतं. पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्यातून बाहेर पडतात, दोनचार दिवस खालीच फुदकतात, तेवढे दिवस मांजर सकाळी आत ठेव, आणि ते दाण्यांचं ताट खाली ठेवू नकोस, असंही ती म्हणाली होती. दाण्याचं ताट मीच ठेवलेलं, भूतदया म्हणून! कठड्याच्या खाली, मांजराच्या एका झेपेवर. मी काय म्हटलं आईला? "हो, बघतो." तीन वेळा.

आता कथेचा शेवट आठवा. धर्मव्याध कौशिकाला आपल्या घरी नेतो, म्हाताऱ्या आईवडिलांच्या पाया पडतो आणि सांगतो की माझे देव हे. मग कौशिकाला म्हणतो, तू आईवडिलांना न विचारता, त्यांना दुःखात सोडून वेद शिकायला निघून आलास, आधी घरी जा. इतका मोठा उपदेश आणि त्याचं सार काय, तर घरी जा आणि त्यांचं ऐक. मला तर घरी जायचीही गरज नव्हती. आई चार पावलांवर कणीक मळत होती.

काल पहाटे मी आईसमोर बसलो आणि माफी मागितली. ती म्हणाली, "माझी कशाला मागतोस? दाण्याचं ताट उचल आधी." उचललं.

आता आमच्या घरात काय बदललं ते सांगतो, म्हणजे तुमच्याकडे मांजर असेल तर उपयोग होईल. चिंगी सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरातच. दाणापाणी उंचावर, मोकळ्या जागी, लपायला झुडूप नाही अशा ठिकाणी. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भरपूर मांस-प्रथिनं असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार 36 टक्के कमी झाली, आणि रोज पाचदहा मिनिटं त्यांच्याशी खेळल्यावर 25 टक्के कमी झाली. गळ्यातल्या घंटीचा मात्र ठळक उपयोग दिसला नाही. म्हणून रोज दहा मिनिटं दोरीला पीस बांधून लेक आणि मी चिंगीला पळवतो. आणि तरीही कधी पक्षी आलाच तिच्या तोंडात, तर खोकं, फडकं आणि थेट दवाखाना. कॉल नंतर.

शून्य होणार नाही. धर्मव्याधही शून्याचं वचन देत नाही. तो म्हणतो की हिंसा पूर्ण टळत नाही, पण यत्नाने ती कमी होते, आणि यत्न करणं हेच साधकाचं काम.

चिंगी त्या दिवशी तासाभराने परत आली होती. टीपॉयखाली बसून माझ्याकडे बघत होती. मी हात पुढे केला तर मागे सरकली. तीन वर्षांत पहिल्यांदा. आज सकाळी पाठ चालू असताना येऊन आसनाच्या कडेला बसली, अंतर राखून. मी पाठ थांबवला आणि तिच्या कपाळावरून बोट फिरवलं. अर्धवट राहिलेली ओवी नंतर पूर्ण केली. माउली रागावली नसेल.

बाहेर जास्वंदीवर बुलबुलाची जोडी परवा संध्याकाळपर्यंत चोचीत किडा धरून हाक मारत होती. काल आली नाही.

मोबाइलवरची हिरवी रांग मी पुसून टाकली. हरिपाठ चालू आहे, मोजणं बंद.

आजचा अभ्यास : घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली एक गोष्ट, जिला तुम्ही "हो, बघतो" म्हटलंय, ती आज करून टाका. पूजेच्या आधी.

राम कृष्ण हरी.