अठ्ठेचाळीस तासांची अट

पहिल्या महायुद्धातला फ्रेंच सेनापती रोबेर निव्हेल हल्ली नेतृत्वावरच्या चर्चांत एका वाक्यापुरता येतो: फाजील आत्मविश्वासापायी हजारोंचा बळी देणारा माणूस. हे निदान मला उथळ वाटते. एवढ्या संहाराचे खापर एकाच्या स्वभावावर फोडले की बाकीचे सगळे सुटतात.

सुरुवात व्हर्दूनच्या लढाईपासून करावी लागते. १९१४ मध्ये कर्नल असलेल्या निव्हेल या तोफखान्याच्या अधिकाऱ्याच्या फौजेने २४ ऑक्टोबर १९१६ रोजी तिथला दुओमोंचा किल्ला जर्मनांकडून परत जिंकला. तोफगोळ्यांची भिंत पुढे सरकत जाते आणि तिच्या पाठोपाठ पायदळ, ही रीत तिथे यशस्वी ठरली. डिसेंबरात तो जॉफ्रच्या जागी फ्रेंच सरसेनापती झाला. म्हणजे याच रीतीने एप्रिल १९१७ मध्ये शमँ दे दामच्या टेकाडावर जर्मन आघाडी फोडता येईल, हा त्याचा विश्वास हवेतला नव्हता. दुओमोंची आघाडी सातेक किलोमीटरची आणि शमँ दे दामची चाळीस, हा फरक त्याला कळला नाही, असा आक्षेप घेतात. तो खराच आहे. पण त्यातून चुकलेला हिशेब सिद्ध होतो, अहंकार नव्हे. शिवाय १९१५ मध्ये जॉफ्रनेही आघाडी फोडण्याच्या याच आशेवर शांपान्यमध्ये माणसे झोकली होती, आणि तो १९१४ च्या मार्नच्या लढाईचा वीर म्हणून आजही आदराला पात्र आहे. अहंकाराचे माप एकालाच का? हल्ल्याची योजना आधीच जर्मनांच्या हाती लागली म्हणून घात झाला, या समजुतीने फार तर पहिल्या दिवसाचा उलगडा होतो.

खरी गोष्ट ६ एप्रिल १९१७ ची आहे. कोंपिएन्यला राष्ट्राध्यक्ष प्वँकारे यांच्या रेल्वेच्या डब्यात या हल्ल्याविषयी बैठक बसली. युद्धमंत्री पॅनलव्हे साशंक होते, जनरल पेतांनेही शंका बोलून दाखवली. निव्हेलने राजीनामा पुढे केला आणि सगळ्यांनी घाईने त्याला थांबवले. त्याने आधीच शब्द दिला होता: ४८ तासांत आघाडी फुटली नाही, तर हल्ला थांबेल.

१६ एप्रिलला पाऊस आणि हिमवर्षाव होता. चिखलाच्या चढावर पायदळ रखडले, तोफांचा मारा मात्र ठरल्या गतीने पुढे निघून गेला. चुनखडीच्या जुन्या खाणींत दडलेले जर्मन मशीनगनवाले बाहेर आले. आघाडी फुटली नाही. १८ एप्रिलला मुदत संपली, हल्ला मात्र मे महिन्यापर्यंत रेटला गेला. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा लाखाच्या वर गेला. निव्हेलला हटवायला १५ मे उजाडला.

माझा मुद्दा काहीसा अरुंद वाटेल, पण मला तोच महत्त्वाचा वाटतो. अट घालणे वेगळे आणि ती मोडली हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाकडे सोपवणे वेगळे. त्या डब्यात पहिले होते, दुसरे नव्हते. हल्ला चालवणाराच हल्ला फसल्याचा निवाडा देणार होता. अशा जागी विनम्र माणूसही बहुधा आणखी एक दिवस मागून घेतो.

मे-जूनमध्ये सैनिकांनी बंड केले. जवळपास निम्म्या डिव्हिजनना त्याची झळ लागली. त्यांतल्या बहुतेकांचे म्हणणे साधे होते: खंदक राखू, असल्या हल्ल्यांना जाणार नाही. पाचशेहून अधिक जणांना देहदंड सुनावला गेला. प्रत्यक्षात पन्नासच्या आत गोळ्या घातल्या गेल्या. मंत्र्यांनी लावून न धरलेली अट सैनिकांनी अशी जीव धोक्यात घालून लावून धरली. १८ एप्रिलनंतरच्या प्रत्येक मृत्यूची जबाबदारी निव्हेलइतकीच त्या डब्यात बसलेल्या मंत्र्यांचीही आहे.