खासगी समुद्र

पाळलेल्या जिवावर आपला हक्क किती आणि त्याचा आपल्यावर किती? गाय असेल तर ती हंबरून सांगते, पोपट ओरडून सांगतो. मासा काहीच बोलत नाही. म्हणून त्याच्या वतीनंही आपल्यालाच विचार करावा लागतो.

ग्वाल्हेरला कुठल्याही दिशेनं समुद्र जवळ नाही. तरी लष्करातल्या खासगी बाजारात आमच्या घरी वरच्या मजल्यावर गेली तीन वर्षं १२० लिटर समुद्र नांदतो आहे. धाकट्या मुलाची हौस. त्यात पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी क्लाउनफिश आहेत, म्हणजे २००३च्या सिनेमामुळे मुलं ज्याला ‘नीमो’ म्हणतात तो मासा. शिवाय चार-पाच गोगलगायी आणि मऊ जातीच्या पोवळ्यांचे काही झुपके. आता मुलाला पुण्यात नोकरी लागली. “आई, तू बघशील ना?” एवढं विचारून त्यानं चाव्या द्याव्यात तसा समुद्र माझ्या हाती दिला. हा मासा नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. म्हणजे माझी सत्तरी उलटेपर्यंत.

आधी हा समुद्र होतो कसा ते सांगते. तिघऱ्याच्या धरणाचं नळाचं पाणी आरओमधून शुद्ध करायचं आणि लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम, याप्रमाणे चार किलोंच्या वर खास मीठ त्यात विरघळवायचं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण कॅल्शियम, मॅग्नेशियम असं समुद्रात असलेलं सगळं ठरल्या प्रमाणात लागतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ गाठतो आणि टाकीला हवेत २५-२६ अंश. म्हणून चिलर, आणि वीज गेली तर पंपासाठी इन्व्हर्टर.

पण खरी गोष्ट वेगळीच. पाणी तयार झालं म्हणून मासा सोडता येत नाही. चार ते सहा आठवडे टाकी वरवर रिकामीच चालवायची. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो आणि तो त्याला विषच. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे डोळ्यांना न दिसणारे जीव दगडांवर आणि वाळूत वसल्याशिवाय दिसणारा जीव जगत नाही. लहानपणापासून आपण सूक्ष्म जिवांविषयी ऐकत आलो, पण बहुधा ‘त्यांना मारू नका’ एवढंच. त्यांच्या जिवावर आपण जगतो, हे ही काचेची पेटी रोज दाखवते.

असं असूनही ही पेटी आपल्या घरात असावी का? अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतका भार लादणं आणि अन्नपाणी रोखणं. गोठ्यातल्या बैलासाठी वाटावेत असे हे नियम. मी ते एकेक करून टाकीला लावून पाहिले.

पहिला बंध. मुलगा म्हणतो, “आई, हा मासा समुद्रातही आपल्या समुद्रफुलाला सोडून लांब जात नाही.” ते खरं आहे. पण घराबाहेर फारशी न पडणारी बाई आणि बाहेरून कडी लावलेली बाई, दोघी खिडकीत सारख्याच दिसतात. फरक कडीचा असतो, आणि तो आतलीला कळतो.

दुसरा वध. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात प्रवाळांत दडलेले मासे पकडायला सायनाइड फवारतात. मासा गुंगतो, हाती लागतो, आणि भोवतीची पोवळी मरतात. आमचे मासे हॅचरीत जन्मलेले, म्हणून तो दोष टळला. इथं एक गोष्ट आपण बायकांनी ऐकावी अशी. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं तिथल्या बायकांना शोभेचे समुद्री जीव वाढवायला शिकवलं. त्या बाईच्या हाती चार पैसे येतात आणि समुद्रातला मासा समुद्रात राहतो. ‘सगळंच पाप’ असं म्हणून मोकळं होणं म्हणून मला जमत नाही.

तिसरा छेद. आपण पोवळं ओळखतो ते अंगठीत नाहीतर मंगळसूत्रात. आपल्या जुन्या ग्रंथांत प्रवाळ पृथ्वीकायात मोजलंय. विज्ञान सांगतं, की ती हजारो इवल्या प्राण्यांची वसाहत आहे. कोणत्याही बाजूनं पाहा, जीव आहेच. टाकीतली पोवळी वाढतात ती तुकड्यांतून. एका टाकीतल्या झुपक्याचा तुकडा कापायचा, दुसरीत लावायचा. त्याला दुखतं का, मला माहीत नाही. पण तुळशीची फांदी खोवावी तितक्या सहज तो कापवत नाही. समुद्रातली दगडी पोवळी तर २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना.

चौथा अतिभार. दुकानदार सांगतो, “अजून दोन मासे सहज मावतील.” मावतील हो. डब्यात लाडू मावतात तसे. पण त्या न दिसणाऱ्या जिवाणूंना तेवढी घाण झेपत नाही आणि एका रात्रीत पाणी विषारी होतं. जागा किती ते डोळ्यांना दिसतं, भार किती ते दिसत नाही. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे समजावून सांगायला नको.

पाचवा अन्नपाननिरोध, आणि इथंच माझं घोडं अडतं. या माशांच्या खाद्यात माशांचंच पीठ असतं. ज्या घरात कांदा-लसूण येत नाही, तिथं ती डबी आली. स्वयंपाकघरात मी तिला जागा दिली नाही, ती टाकीखालच्या कपाटात असते. दशलक्षण पर्वात माझा उपवास असतो, पण तो माझा. माझं व्रत मी माशावर लादू शकत नाही. त्याला उपाशी ठेवून माझा धर्म सांभाळला जात असेल, तर तो धर्म नव्हे, सोवळं आहे. म्हणून त्या दिवसांतही डबी उघडते, खायला घालते, हात धुते. मनाला लागतं. ते लागलंच पाहिजे असं मला वाटतं.

धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, “ताई, कशाला जिवाला घोर? तिघऱ्यात नेऊन सोडा, अभयदानाचं पुण्य लागेल.” त्यांचं मन चांगलं, पण खाऱ्या पाण्याचा मासा गोड्या पाण्यात फार काळ तगत नाही. बाहेरचं पाणी त्याच्या अंगात शिरत जातं आणि तो मरतो. समुद्रात नेऊन सोडावा, तर तेही धोक्याचं. अमेरिकेच्या फ्लोरिडाजवळच्या समुद्रात परमुलुखातला लायनफिश पसरला. तो हौशी लोकांच्या टाक्यांतून सुटला असं मानतात. आज तो तिथले लहान मासे फस्त करतो आहे.

सासूबाई पाणी गाळत, तेव्हा गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत हलकेच परत सोडत. दुसऱ्या पाण्यात नाही. तेव्हा मला ते कर्मकांड वाटायचं. आता त्यातला अर्थ लागतो. जीव न मारणं एवढ्यानं दया पुरी होत नाही. त्याला त्याच्या घरी पोचवणं हाही तिचाच भाग. काचेच्या पेटीची खरी अडचण ही, की तिच्यातल्या जिवाला परतीची वाट नाही. हॅचरीत जन्मलेल्या माशाला तर घर असं ठाऊकच नाही. जिथं परत सोडता येत नाही, तिथं आपणच त्याची विहीर होऊन राहायचं.

आणखी एक गोष्ट मला टोचते. समुद्राचं पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखादा अंश जरी जास्त तापलं, तरी पोवळ्याच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल निघून जातं आणि पोवळं पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर घडलं. मी इथं चिलर लावून १२० लिटर समुद्र गार ठेवते, त्याला वीज लागते, आणि ती वीज बहुतेक कोळशाची. माझा खासगी समुद्र गार राहावा म्हणून सगळ्यांचा समुद्र थोडासा का होईना तापतो. परिग्रह म्हणजे कपाटातल्या साड्या आणि दागिने एवढंच आपण धरतो. सुंदर दिसलेली गोष्ट डोळ्यांपुढे आपल्याच घरात हवी, ही ओढही परिग्रहच.

म्हणून मी ठरवलंय आणि मुलालाही कळवलंय. जे जीव घरात आहेत त्यांचं शेवटपर्यंत करायचं. यात्रेला जायचं तर आधी घरी कोणी बघणारं ठेवायचं, नाहीतर यात्रा पुढे ढकलायची. पण या टाकीत नवा जीव आणायचा नाही. कोणी विचारलंच, की टाकी ठेवावी का, तर मी हो किंवा नाही सांगत नाही. एवढंच विचारते: पंधरा वर्षं, रोज, उपवासाच्या दिवशीही, हौस संपल्यावरही कराल का? हौस दोन वर्षांत विटते. त्यानंतर जे उरतं, त्यालाच मी दया म्हणते.