उसना वेळ

आश्विन सरत आला, पहाटेच्या हवेत गारवा जाणवू लागला आणि सुटीचे दिवस जवळ आले, की मराठी ग्रंथप्रेमी मनातल्या मनात एक यादी करू लागतो. वर्षभर उशाशी पडून राहिलेली जाडजूड कादंबरी, कोणी आग्रहाने दिलेले एखादे चरित्र, आणि या सर्वांच्या आधी दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि सणाशी वाचनाची जी सांगड त्यांनी घातली ती शतकाहून अधिक काळ टिकून राहिली. सणाला फराळ, नवे कपडे आणि वाचायला अंक, अशी व्यवस्था एखाद्या भाषक समाजाने लावून घ्यावी ही गोष्ट लहान नव्हे. तिचे कौतुक पुष्कळ झाले आहे व ते योग्यच आहे. परंतु या व्यवस्थेच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. सुटीत काय वाचावे याचा विचार ग्रंथप्रेमी महिनाभर आधीपासून करतो. ज्या वेळात तो वाचणार तो वेळ कोणाचा, हे मात्र तो सहसा विचारीत नाही.

दिवाळीच्या आधीचा आठवडा डोळ्यांसमोर आणावा. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज त्यांचे पाणी बदलायचे. चकलीची भाजणी मंद आचेवर भाजून दळून आणायची. करंज्यांचे सारण, शंकरपाळ्यांचे पीठ, माळ्यावरची भांडी, पाहुण्यांची अंथरुणे. त्याच आठवड्यात, त्याच घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत कोणीतरी पुस्तक उघडून बसलेला असतो. तो मनुष्य दुष्ट नसतो. बहुधा तो घरातला सर्वांत सौम्य मनुष्य असतो; त्याला काही मागावेही लागत नाही, कारण चहा न मागता येतो. आज फराळ विकत मिळतो, नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली आहे, क्वचित पुरुषही सोऱ्या फिरवताना दिसतो. तरीही कामाची वाटणी समसमान झाली आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

वाचनाच्या बाजूने बोलणारे येथे एक जुना दाखला देऊ शकतील. इटलीतील मुत्सद्दी माकियाव्हेली याने १० डिसेंबर १५१३ रोजी आपल्या मित्राला, व्हेत्तोरीला, एक पत्र लिहिले. पद गेलेले, तुरुंगवास व छळ सोसून झालेला, अशा स्थितीत तो फ्लॉरेन्सजवळच्या खेड्यातील आपल्या शेतघरात राहत होता. दिवसभर लाकूडतोड्यांशी हुज्जत, मग खाणावळीत जुगार व भांडणे. आणि संध्याकाळी मात्र चिखलाचे कपडे उतरवून, दरबारी वस्त्रे अंगावर घालून तो प्राचीन ग्रंथकारांच्या संगतीत चार तास घालवी. त्या चार तासांत त्याला दारिद्र्याची भीती वाटत नसे, मृत्यूचीही वाटत नसे. ‘प्रिन्स’ हा ग्रंथ याच संध्याकाळींतून निघाला. ज्या वाचनातून असे काही निपजते त्याचा हिशेब भांड्याकुंड्यांशी मांडायचा काय, असे कोणी विचारील. पण घरच्या माणसांसह जेवल्याच्या ओझरत्या उल्लेखापलीकडे, त्या चार तासांत घर कोण सांभाळीत होते याविषयी ते पत्र काही बोलत नाही. ग्रंथाची परतफेड जगाला मिळाली. ज्यांचा वेळ त्यात खर्ची पडला त्यांना ती मिळाली असे म्हणता येत नाही.

खरी अडचण याहून खोल आहे. वाचनाला विस्मृती लागते. दर दोन मिनिटांनी मान वर करून घरात काय चालले आहे हे पाहणारा मनुष्य पाने उलटतो, वाचीत नाही. ज्या विसरण्यामुळे वाचन हे वाचन होते त्याच विसरण्यामुळे शेजारचे श्रम अदृश्य होतात. तेव्हा वाचकाला ‘जरा भान ठेवा’ असा उपदेश करणे सोपे असले तरी तो उपदेश वाचनाच्या मुळावरच येतो. हा पेच केवळ सद्भावनेने सुटणारा नाही.

बंगालमधील राससुंदरी देवी हिने एकोणिसाव्या शतकात या पेचाची दुसरी बाजू अनुभवली. स्त्रीने अक्षर ओळखणे हेच पाप मानणाऱ्या घरात तिने ‘चैतन्यभागवता’चे एक पान चोरून घेतले. मुलाने अक्षरे गिरवलेल्या ताडपत्राशी ते ताडून पाहत, रांधता रांधता, पदराआड धरून ती एकेक अक्षर ओळखायला शिकली. पुढे तिने ‘आमार जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. मोठ्या कुटुंबाचा दोन वेळचा स्वयंपाक तिच्याकडे होता. विस्मृतीची चैन तिला कधी परवडली नाही. तरी ती वाचायला शिकलीच. हे पाहून, मन असले की वेळ मिळतोच, असा निष्कर्ष काढणारे टीकाकार आढळतात. तो निष्कर्ष निर्दय आहे. एकीने चुलीपुढे अक्षरे जमवली यावरून चूल वाचनाला अनुकूल असते असे ठरत नाही.

रमाबाई रानडे यांची गोष्ट थोडी वेगळी. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, लग्न होऊन त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवले आणि त्यापायी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांनी वर्षानुवर्षे सोसला. पुढे दृष्टी अधू झालेल्या न्यायमूर्तींना वाचून दाखवण्याचे काम त्यांच्याकडे आले. ही पतिसेवा होती की स्वतःचे वाचन? दोन्ही, आणि १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणी वाचताना या दोहोंतील सीमारेषा कोठे आखावी हे कळत नाही. मोठ्याने वाचण्यात निदान एवढे घडते, की एकाच्या वेळात दोघांना जागा होते. निवडीची भाजी पुढ्यात घेऊन कथा ऐकणारी बाई आणि ती वाचून दाखवणारा मुलगा हे दृश्य एके काळी महाराष्ट्रात दुर्मीळ नव्हते.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यांपैकी चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचा आहे. तो पाळण्यासाठी वाचनालये झटतात. पुष्कळ वाचनालये दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात व पुढचे काही महिने अंक सभासदांच्या घरी आळीपाळीने फिरत राहतात. अंक घरी आला की आधी ज्याच्या नावावर वर्गणी आहे तो वाचतो, मग मुले, मग एखादा पाहुणा. पाहुणे गेल्यावर, डबे घासून पालथे घातल्यावर, एखाद्या दुपारी तो स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. तोवर बहुधा परत करण्याची तारीख उलटून गेलेली असते.